सहा हजार वर्षं: बेरीज कुठून आली आणि कुठे उसवते

बायबलमध्ये पृथ्वीचं वय कुठेही लिहिलेलं नाही. पण बायबलच्या आधाराने पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असं काही ख्रिस्ती लोक मानतात, आणि ‘सहा हजार वर्षं’ हे एका लांबलचक बेरजेचं उत्तर आहे आणि वही-पेन घेऊन बसलं तर ती बेरीज अर्ध्या तासात होते. या विषयावर तावातावाने भांडणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी ती सहसा करून पाहिलेली नसते. म्हणून आधी तीच करू.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, म्हणजे उत्पत्तीचा, पाचवा अध्याय घ्या. प्रत्येक पूर्वजाचे तीन आकडे दिलेत: मुलगा झाला तेव्हाचं वय, त्यानंतर जगलेली वर्षं आणि एकूण आयुष्य. बेरजेला फक्त पहिला आकडा लागतो. आदाम १३०, शेथ १०५, अनोश ९०, केनान ७०, महललेल ६५, यारेद १६२, हनोख ६५, मथुशलह १८७, लामेख १८२. त्यात जलप्रलयाच्या वेळचं नोहाचं वय मिळवा, ६००. आदामापासून जलप्रलयापर्यंत १६५६ वर्षं झाली.

हे आकडे मासोरेटिक पाठाचे, म्हणजे यहुद्यांनी जपलेल्या प्रमाण हिब्रू मजकुराचे, आहेत आणि आजची बहुतेक भाषांतरं त्यावरूनच झालेली आहेत. पण याच ग्रंथाचं प्राचीन ग्रीक भाषांतर, सेप्टुआजिंट, उघडलं की आदाम २३०, शेथ २०५, अनोश १९० असे आकडे दिसतात. बहुतेकांच्या पदरात शंभर वर्षं जास्त पडलीत आणि पुढच्या आयुष्यातून तेवढीच कापलीत, त्यामुळे आदाम दोन्हीकडे ९३० वर्षांचा होऊनच मरतो. या पाठाने जलप्रलयापर्यंत २२४२ वर्षं होतात. शोमरोनी लोकांनी जपलेल्या तिसऱ्या पाठात यारेद ६२, मथुशलह ६७, लामेख ५३, आणि बेरीज १३०७.

तीन पाठ, तीन उत्तरं. हे नकलनविसांच्या चुकांनी झालं असेल का? मथुशलहाकडे बघा. हिब्रू पाठात तो (सृष्टीपासून मोजलं तर) ६८७ साली जन्मतो, ९६९ वर्षं जगतो आणि १६५६ साली, नेमक्या जलप्रलयाच्या वर्षी, मरतो. शोमरोनी पाठात यारेद, मथुशलह आणि लामेख हे तिघंही १३०७ साली, म्हणजे पुन्हा जलप्रलयाच्याच वर्षी मरतात. सेप्टुआजिंटच्या काही हस्तलिखितांत मात्र मथुशलहाला लामेख झाला तो १६७व्या वर्षी. त्या हिशोबाने मथुशलहाचा जन्म १२८७ चा आणि मृत्यू २२५६ चा. म्हणजे जलप्रलयानंतर तो आणखी १४ वर्षं जगला, आणि जलप्रलयातून वाचलेल्या नोहाच्या तारवात तर त्याच्या घरची आठच माणसं होती! पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनला ही अडचण ठाऊक होती आणि त्याने इथे हिब्रू आकड्याच्या बाजूने कौल दिला. काही हस्तलिखितांत १६७ च्या जागी १८७ येतं आणि बेरीज २२६२ होते. शंभर-शंभरच्या पटीतले फरक आणि जलप्रलयाच्या वर्षाशी इतके तंतोतंत जुळणारे मृत्यू योगायोगाने होत नाहीत. कुणीतरी, कधीतरी, हे आकडे हिशोब डोळ्यांपुढे ठेवून हाताळलेले आहेत. कुणाचा पाठ मूळचा, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

पुढचा टप्पा अकराव्या अध्यायात. जलप्रलयानंतर दोन वर्षांनी शेमला अर्पक्षद झाला. मग ३५, ३०, ३४, ३०, ३२, ३०, २९. तेरहाच्या जन्मापर्यंत २२२ वर्षं. तेरह ७० वर्षांचा झाल्यावर त्याला अब्राम (पुढे त्याचंच नाव अब्राहाम), नाहोर, हारान झाले, असं वचन आहे. ७० धरले तर अब्राहामाचा जन्म सृष्टीनंतर १९४८ साली, आणि यहुदी परंपरा हाच आकडा धरते. पण तेरह २०५ वर्षांचा होऊन मेला, अब्राम ७५ व्या वर्षी हारान नावाचं गाव सोडून निघाला, आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात स्तेफन म्हणतो की तो वडिलांच्या मृत्यूनंतर निघाला. २०५ वजा ७५, म्हणजे १३०. तसं धरलं तर अब्राम थोरला नव्हता आणि त्याचा जन्म २००८ साली झाला. एका वचनाच्या वाचनावरून ६० वर्षं इकडची तिकडे. शिवाय सेप्टुआजिंटमध्ये इथे एक आख्खी पिढी जास्त आहे, अर्पक्षद आणि शेलह यांच्यामध्ये आणखी एक केनान. आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातल्या येशूच्या वंशावळीतही तो हजर आहे. हिब्रू पाठ मूळचा मानणाऱ्याने लूकच्या या केनानाचं काय करायचं, हा प्रश्न सोडवायला अवघड आहे. बहुतेक जण तो टाळतात.

आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १३० चा पर्याय घेतला. अब्राहामाच्या पाचारणापासून मिसरातून सुटकेपर्यंत ४३० वर्षं (गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या आधाराने), म्हणजे सृष्टीनंतर २५१३. तिथून शलमोनाच्या मंदिराचा पाया घातला जाईपर्यंत ४८० वे वर्ष, १ राजे ६:१ प्रमाणे. मग यहूदाच्या राजांच्या कारकिर्दी. त्या एकमेकींवर चढलेल्या असतात, म्हणून नुसती बेरीज चालत नाही. शेवटी बायबलबाहेरचा एक खुंटा लागतोच: बाबेलचा नबुखद्नेस्सर इ. स. पू. ५६२ मध्ये मेला, हे बाहेरच्या साधनांवरून ठाऊक होतं, आणि २ राजेच्या शेवटच्या अध्यायात त्याच्या वारसाचं पहिलं वर्ष यहूदाचा राजा यहोयाखीन याच्या कैदेच्या ३७ व्या वर्षाशी जोडलेलं आहे. या सगळ्यातून इ. स. पू. ४००४ आलं. १६५० मध्ये छापलेल्या ग्रंथात अशर यांनी २३ ऑक्टोबरच्या रविवारची आदली रात्रसुद्धा ठरवून टाकली.

अशर यांची आज टिंगल होते ती अन्यायाची आहे. त्यांच्या काळात हे गंभीर, बहुभाषिक पांडित्याचं काम होतं. केप्लरने ३९९२ काढलं, त्याआधी आठव्या शतकात बीडने ३९५२, बायझंटाईन परंपरेने ग्रीक आकड्यांवरून ५५०९. यहुदी पंचांग ३७६१ वर थांबतं, कारण त्यात तेरहाचे ७० धरलेत आणि इराणी राजवटीचा काळही फार आखूड धरला आहे. अशर यांचा आकडा इतरांपेक्षा प्रसिद्ध झाला याचं कारण छपाईत आहे: १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात त्यांच्यावर आधारलेल्या तारखा छापायला लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना वाटत राहिलं की तारीख वचनातच आहे.

वंशावळीत पिढ्या गाळलेल्या आहेत, हा यावरचा नेहमीचा तोडगा. १८९० मध्ये प्रिन्स्टनचे जुन्या कराराचे प्राध्यापक विल्यम हेन्री ग्रीन यांनी तो नीट मांडला. ते स्वतः कट्टर परंपरावादी होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. दाखले पक्के आहेत: मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात योरामानंतर थेट उज्जीया येतो, मधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे गायब. एज्राच्या सातव्या अध्यायातली त्याची वंशावळ १ इतिहास ६ शी ताडली तर सहा नावं कमी भरतात. पण या तोडग्याला एक खोच आहे आणि ती सांगितली जात नाही. ‘अनोश ९० वर्षांचा असताना त्याला केनान झाला’ यातला केनान खरं तर पणतू असला, तरी ९० हा आकडा हलत नाही. नावं गळली म्हणून वर्षं गळत नाहीत. ग्रीन यांना हे समजत होतं. म्हणून त्यांचा खरा मुद्दा वेगळा होता: बायबल स्वतः हे आकडे कुठेही बेरजेला घेत नाही. मिसरातून सुटकेपर्यंतची ४३० वर्षं दिलेली आहेत, मंदिरापर्यंतची ४८० दिलेली आहेत, पण आदामापासून नोहापर्यंत एकूण किती, ते कुठेच नाही. माझ्या मते हा मुद्दा वजनदार आहे, निर्णायक नाही.

आता देवाने सृष्टी केली ते उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले सहा दिवस. चर्चा नेहमी इथूनच सुरू होते आणि इथेच अडकते. खरं तर दिवसांच्या लांबीने पृथ्वीच्या वयात फारसा फरक पडतोच असं नाही. ऑगस्टीनने सहा दिवस शब्दशः धरले नाहीत, देवाने सगळं एका क्षणात निर्माण केलं असं मानलं, आणि तरी पृथ्वी सहा हजार वर्षांच्या आतली धरली. ओरिजेन या धर्मपंडिताने तिसऱ्या शतकातच विचारलं होतं की सूर्य चौथ्या दिवशी झाला तर पहिले तीन दिवस संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली. उलट चौथ्या शतकात बिशप बेसिलने साधे चोवीस तासांचे दिवस धरले आणि ल्यूथरनेही तेच केलं. म्हणजे ‘प्राचीन मंडळी सगळी शब्दशः वाचायची’ हेही खोटं आणि ‘प्राचीनांना पृथ्वी जुनी आहे हे ठाऊक होतं’ हेही खोटं. ल्यूथरसारखाच प्रॉटेस्टंट सुधारक असलेल्या कॅल्विनचं वाचन मला सगळ्यांत उपयोगी वाटतं: १५५४ च्या भाष्यात तो म्हणतो की शनी चंद्राहून मोठा आहे हे खगोलज्ञांनी सिद्ध केलं आहे, पण मोशे डोळ्यांना दिसतं तसं, सामान्य माणसाला कळेल असं लिहितो, म्हणून चंद्राला ‘मोठी ज्योती’ म्हणतो. कॅल्विनची पृथ्वीही सहा हजार वर्षांचीच होती, हे लक्षात ठेवायचं.

अठराव्या शतकाच्या शेवटी खडकांचे थर वाचायला शिकल्यावर गणित बदललं. ही उठाठेव नास्तिकांनी केली, असा समज आहे. इंग्लंडमध्ये थर मोजणारे ॲडम सेजविक आणि विल्यम बकलंड हे दोघेही धर्मगुरू होते. दोघांनी आधी जलप्रलयाच्या खुणा खडकात शोधल्या आणि १८३० च्या दशकात दोघांनीही ते मत जाहीरपणे मागे घेतलं. डार्विनचा ग्रंथ येण्याआधीची ही गोष्ट.

मग जुनी पृथ्वी आणि उत्पत्ती यांची सांगड घालायचे मार्ग निघाले. स्कॉटलंडचे थॉमस चामर्स यांनी १८१४ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वचनामध्ये हवा तेवढा काळ घातला: आधी एक सृष्टी, मग विनाश, मग सहा दिवसांत पुनर्रचना. १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमुळे हे मत अमेरिकेत घरोघरी पोचलं. दुसऱ्या वचनातल्या ‘होती’चा ‘झाली’ असा अर्थ लावल्याशिवाय ते उभं राहत नाही आणि हिब्रू वाक्यरचना त्याला साथ देत नाही. शिवाय निर्गम २०:११ म्हणतं की सहा दिवसांत आकाश, पृथ्वी, समुद्र आणि त्यांतलं सर्व केलं. ही मांडणी आज जवळपास मोडीत निघाली आहे.

दुसरा मार्ग, प्रत्येक दिवस म्हणजे एक युग. स्कॉटलंडचेच ह्यू मिलर यांनी तो लोकप्रिय केला. ‘दिवस’ हा शब्द उत्पत्ती २:४ मध्ये आख्ख्या आठवड्यासाठी येतो, तेव्हा भाषेचा आधार थोडाफार आहे. अडतं ते क्रमावर. फळझाडं तिसऱ्या दिवशी, जलचर आणि पक्षी पाचव्या, जमिनीवरचे प्राणी सहाव्या. खडकांत समुद्रातले प्राणी फळझाडांच्या कितीतरी आधी सापडतात, आणि पक्षी जमिनीवरच्या प्राण्यांच्या नंतर. चौथ्या दिवशी सूर्य फक्त ढगांतून दिसू लागला, असं म्हणून एक गाठ सोडवता येते; पक्ष्यांची सुटत नाही. युगं एकमेकींत मिसळलेली होती असं म्हटलं, तर क्रमाने दिवस मोजण्यात अर्थ राहत नाही.

तिसरा मार्ग क्रमच सोडून देतो. पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी ज्योती. दुसऱ्या दिवशी पाणी आणि अंतराळ, पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी. तिसऱ्या दिवशी जमीन आणि वनस्पती, सहाव्या दिवशी पशू आणि माणूस. तीन दालनं, आणि त्यांचे तीन रहिवासी. ही जुळणी मजकुरात आहे हे कुणी नाकारत नाही. वाद इतकाच की रचना सुंदर आहे म्हणून घटनाक्रम खोटा ठरतो का. अमेरिकेचे मेरेडिथ क्लाइन यांनी १९५८ मध्ये उत्पत्ती २:५ वरून एक नेमका युक्तिवाद केला: पाऊस पडला नव्हता म्हणून झुडपं उगवली नव्हती, असं ते वचन म्हणतं; म्हणजे सृष्टीच्या आठवड्यात देव नेहमीच्या नैसर्गिक कारणांनीच काम करत होता, आणि मग सूर्याआधी तीन दिवस झाडं कशी? उत्तर देता येतं, पण ते सोपं नाही.

तरुण पृथ्वीची, म्हणजे पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे म्हणणारी, आजची चळवळ या सगळ्यांहून नवी आहे, याचं बऱ्याच जणांना नवल वाटतं. तिचा पाया ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लेखक जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांनी १९२३ मध्ये घातला आणि व्हिटकॉम्ब व मॉरिस या जोडीच्या १९६१ च्या ग्रंथाने ती इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला सर्वोच्च मानणाऱ्या प्रॉटेस्टंट, मंडळींत पसरली. मुख्य दावा: जवळपास सगळे जीवाश्मयुक्त थर एका वर्षाच्या जलप्रलयात साचले.

या बाजूचा लाडका दाखला सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा. १९८६ मध्ये थिजलेल्या लाव्हाचं पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वय ३,५०,००० वर्षं आलं. दाखला खरा आहे. पण पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. दहा वर्षांत जमणारा आर्गॉन मोजण्याच्या पलीकडचा सूक्ष्म असतो, आणि लाव्हात आधीच तयार झालेले जुने स्फटिक स्वतःचा आर्गॉन घेऊन आलेले असतात. ट्रकच्या वजनकाट्यावर पोस्टकार्ड ठेवून काटा खोटा ठरवण्यातला हा प्रकार. कोळशात किंवा हिऱ्यात कार्बन-१४ सापडल्याचं तसंच: ५०,००० वर्षांनी मूळच्या कार्बन-१४ चा पाव टक्काही उरत नाही, आणि त्या पातळीला नमुना तयार करतानाची भेसळ उत्तर बिघडवते.

खरी कसोटी झिरकॉनची. वाळूच्या कणाएवढा हा स्फटिक बनताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ पूर्ण बाहेर ठेवतो. म्हणून आत सापडणारं शिसं तिथेच तयार झालेलं असतं. त्यात दोन घड्याळं एकाच वेळी चालतात: युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं ७० कोटी. स्फटिक शंभर कोटी वर्षांचा असेल तर उरलेल्या दर १,००० युरेनियम-२३८ अणूंमागे १६८ शिसे-२०६ चे अणू सापडले पाहिजेत आणि दर १,००० युरेनियम-२३५ मागे १,६७७ शिसे-२०७ चे. दोन्ही आकडे जुळले तर वय पक्कं. शिसं झिरपून गेलं असेल तर दोन घड्याळं वेगवेगळी वेळ सांगतात आणि गडबड तिथल्या तिथे उघडी पडते. पृथ्वीचं ४५५ कोटी वर्षं हे वय क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशावरूनच काढलं.

यावर एकच बचाव उरतो, की पूर्वी क्षयाचा वेग जास्त होता आणि दोन्ही घड्याळं सारख्याच पटीने पळाली. तरुण पृथ्वीवाद्यांच्या स्वतःच्या आरएटीई प्रकल्पाने (१९९७ ते २००५) हेच मांडलं. आजच्या वेगाने ५० कोटींहून जास्त वर्षं लागतील एवढा क्षय खडकांत झालेला आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण तेवढा क्षय वर्षभरात उरकला तर निघणाऱ्या उष्णतेने कवचाचे खडक वितळतील, हेही त्यांनीच नोंदवलं, आणि ती उष्णता कुठे गेली याचं समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. प्रामाणिकपणे लिहून ठेवल्याबद्दल त्यांना दाद द्यायला हवी. त्यांचा दाखला देणारे हे पान सहसा वाचत नाहीत.

शिवाय किरणोत्साराचा संबंध नसलेले पुरावे आहेत. ग्रीनलंडच्या बर्फातले वार्षिक थर ६०,००० वर्षांपर्यंत मोजलेले आहेत. १९८७ मध्ये दिसलेला तारास्फोट सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षं दूर आहे. प्रकाश वाटेतच निर्माण केला असं म्हटलं, तर तो स्फोट कधी झालाच नाही असं होतं. १८५७ मध्ये फिलिप गॉस यांनी हीच भूमिका शेवटपर्यंत नेली होती: सृष्टी तयार झाली तीच जुनी दिसणारी, झाडांत वलयं, खडकांत जीवाश्म. तर्काने ती खोडता येत नाही. श्रद्धावानांना ती पचली नाही, कारण मग देवाने कधीच न घडलेल्या इतिहासाच्या खुणा खडकांत लिहून ठेवल्या असं होतं.

तर मग तरुण पृथ्वीचं मत टिकून का आहे? भूगर्भशास्त्रामुळे ते टिकलेलं नाही. त्याचं बळ प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे: एका माणसाच्या पापाने मरण जगात आलं. जीवाश्म आदामाच्या कोट्यवधी वर्षं आधीचे असतील तर मरण आधीच होतं, त्यांत रोग होते, एकमेकांना खाणारे प्राणी होते. जुनी पृथ्वी मानणारे उत्तर देतात की पौल तिथे माणसांच्या मरणाबद्दल बोलतो, आणि त्या वचनाचा शेवट ‘सर्व माणसांमध्ये मरण पसरलं’ असाच आहे. प्राण्यांपुरतं हे उत्तर चालतं. आदामापाशी येऊन प्रश्न पुन्हा उभा राहतो. कॅथलिक मंडळीने १९५० च्या पोपच्या परिपत्रकात मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मोकळीक दिली, पण मानवजात एकाहून अधिक मूळ जोडप्यांपासून आली हे मत धरायची मोकळीक दिली नाही. प्रॉटेस्टंटांत आदाम एकटा होता, टोळीचा प्रमुख होता, की इस्राएलाचं प्रतीक होता, यावर जुनी पृथ्वी मानणारेच आपसांत भांडताहेत, आणि त्या भांडणात पृथ्वीच्या वयाचा आकडा कुणी काढतही नाही.